निकालाआधी प्रवेश : बारावीनंतर ब्रिटनमध्ये पदवीसाठी अर्ज कसा करायचा

आपल्याकडे आधी बारावीचा निकाल, मग सीईटीचा स्कोअर, मग कॅप राउंड आणि कटऑफ कुठे येऊन थांबतोय याची वाट बघणं. ब्रिटनमध्ये ही वरात उलटी निघते. परीक्षा द्यायच्या कितीतरी आधी, नुसत्या अपेक्षित गुणांवर अर्ज जातो. विद्यापीठ ‘एवढे गुण मिळव, जागा तुझी’ असं लेखी कळवतं, आणि निकाल लागतो तेव्हा ती अट पुरी झाली की नाही, एवढंच बघायचं उरतं. निकाल हातात आल्यावर ‘आता लंडनचं बघू’ म्हणणाऱ्यांना त्या वर्षी उरलेल्या जागांवर भागवावं लागतं. खरी सुरुवात अकरावीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत व्हायला हवी.

दुसरा फरक आणखी महत्त्वाचा. इथे प्रवेश विद्यापीठात मिळत नाही, विषयात मिळतो. इंग्लंडमधली पदवी साधारण ३ वर्षांची. त्यात अर्थशास्त्राला गेलात की पहिल्या दिवसापासून अर्थशास्त्रच. कायदा आणि वैद्यकसुद्धा थेट बारावीनंतर. ‘आधी चांगलं कॉलेज मिळू दे, शाखेचं मग बघू’ हा आपला हिशेब इथे चालत नाही, कारण अर्ज वाचणारा त्या विषयाचा विभाग असतो आणि त्याचा प्रश्न एकच असतो : या मुलीला किंवा मुलाला हा विषय ३ वर्षं झेपेल का, आणि आवडेल का? पुढच्या प्रत्येक पायरीमागे हाच प्रश्न आहे.

यूकास आणि तारखा

पदवीचे जवळजवळ सगळे अर्ज यूकास या एकाच संस्थेमार्फत जातात. जुन्या विद्यापीठांची आणि पॉलिटेक्निकांची वेगवेगळी प्रवेशव्यवस्था १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एकत्र करून ती उभी राहिली. कचेरी चेल्टनमला आहे. यूकास प्रवेश देत नाही, अर्ज पोचवते आणि निर्णय परत आणते. मास्टर्ससाठी मात्र बहुतेक ठिकाणी थेट विद्यापीठाकडे अर्ज असतो, त्याचा या लेखाशी संबंध नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोर्स सुरू होणार असेल, तर त्याआधीच्या वर्षीच्या मे महिन्यापासून फॉर्म भरता येतो आणि सप्टेंबरच्या सुरुवातीपासून पाठवता येतो. पहिली मोठी तारीख १५ ऑक्टोबर : ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक सगळे वैद्यक, दंतवैद्यक, पशुवैद्यक अभ्यासक्रम. दुसरी जानेवारीच्या मध्यावर, बाकी बहुतेकांसाठी. २०२६ च्या प्रवेशासाठी ती १४ जानेवारी २०२६ होती. या तारखेपर्यंत आलेल्या सगळ्या अर्जांचा समान विचार करायचं बंधन विद्यापीठावर असतं. त्यानंतर अर्ज घेतात, पण जागा असेल तरच. ३० जूननंतरचा अर्ज सरळ क्लिअरिंगमध्ये, म्हणजे उरलेल्या जागांच्या फेरीत जातो.

मुदत संपते ती संध्याकाळी ६ वाजता, ब्रिटनच्या वेळेनुसार. ऑक्टोबरच्या मध्याला तिकडे उन्हाळी वेळ चालू असते, म्हणून आपले रात्रीचे साडेदहा. जानेवारीत आपले साडेअकरा. हा एका तासाचा फरक लक्षात न राहिल्याने ऑक्टोबरचा अर्ज हुकू शकतो.

विषय आणि पाच जागा

एका वर्षात जास्तीत जास्त ५ पर्याय भरता येतात. वैद्यक, दंतवैद्यक, पशुवैद्यक यांपैकी एका विषयाचे फक्त ४. पाचवा पर्याय दुसऱ्या विषयाचा ठेवावा लागतो. पदवीसाठी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हींना एकाच वर्षी अर्ज करता येत नाही.

कॅपच्या सवयीने पालक विचारतात, पहिल्या पसंतीला काय टाकायचं? पसंतीक्रम नसतोच. पाचही पर्याय सारखे, आणि तुम्ही आणखी कुठे अर्ज केला आहे हे निर्णय होईपर्यंत कुठल्याही विद्यापीठाला दिसत नाही. त्यामुळे क्रमावर डोकं लढवण्यापेक्षा मिश्रणावर लढवा : दोन ठिकाणं जरा आवाक्याबाहेरची, दोन तुमच्या अपेक्षित गुणांना जुळणारी, आणि एक असं की जिथे अट तुमच्या अपेक्षेपेक्षा ५-६ टक्के खाली आहे आणि तरीही तुम्ही आनंदाने जाल. शेवटची अट महत्त्वाची. ‘सेफ्टी’ म्हणून टाकलेल्या, कधीच न जाण्याच्या जागेचा काही उपयोग नाही.

पाचही अर्जांना तुम्ही लिहिलेलं एकच निवेदन (पर्सनल स्टेटमेंट) जातं. म्हणून पाचही विषय एकमेकांच्या जवळचे हवेत. दोन कम्प्युटर सायन्स, दोन मानसशास्त्र आणि एक बिझनेस अशी भेळ केली, की पाचही विभागांना वाटतं, या विद्यार्थ्याचं अजून ठरलेलं नाही.

कोर्सचं पान वाचताना चार गोष्टी तपासा. पहिली, कालावधी. स्कॉटलंडमध्ये ऑनर्स पदवी ४ वर्षांची, म्हणजे एका वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च जास्त. इंग्लंडमध्ये अभियांत्रिकीची बीइंजी ३ वर्षांची, मास्टर्ससकट एमइंजी ४ वर्षांची. मध्ये एक वर्ष उद्योगात काम करण्याचा सँडविच प्रकारही असतो. दुसरी, आवश्यक विषय. तिसरी, प्रवेशचाचणी. चौथी, ही पदवी भारतात कशासाठी लागणार आहे. जुलै २०२२ मध्ये भारत आणि ब्रिटनने एकमेकांच्या पदव्या मान्य करण्याचा करार केला, पण अभियांत्रिकी, वैद्यक, कायदा, वास्तुकला, औषधनिर्माण अशा व्यावसायिक पदव्या त्यातून वगळल्या आहेत. परत येऊन वकिली किंवा आर्किटेक्टचं काम करायचं असेल, तर इथल्या संबंधित परिषदेचे नियम अर्जाआधी वाचा. डॉक्टर होऊन भारतात व्यवसाय करायचा असेल, तर परदेशी जाण्यापूर्वी ‘नीट’ परीक्षेत पात्र होणं आवश्यक आहे. शिवाय इंग्लंडमधल्या वैद्यकीय कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या जागा अगदी मोजक्या असतात.

आपलं बोर्ड त्यांना कसं दिसतं

सीबीएसई आणि आयएससी जवळजवळ सगळीकडे चालतात. महाराष्ट्र बोर्डाची एचएससी बरीच विद्यापीठं घेतात, पण अनेक ठिकाणी राज्य बोर्डांकडून सीबीएसईपेक्षा काही टक्के जास्त मागितले जातात, आणि अगदी वरच्या काही विद्यापीठांत राज्य बोर्डाची बारावी एकटी पुरत नाही. प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर भारतासाठी वेगळं पान असतं, तेच प्रमाण माना. टक्केवारी कशी काढतात तेही तिथेच पाहा. काही जण सगळ्या विषयांची घेतात, काही सर्वोत्तम ४ किंवा ५ विषयांची. शारीरिक शिक्षणासारखे विषय बऱ्याचदा बाजूला काढले जातात. बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये त्यांच्या जिवावर ९२ टक्के दिसणाऱ्याला तिकडच्या हिशेबात ८८ निघू शकतात.

खरा घोटाळा अकरावीला होतो. आपल्याकडे कॉमर्सचे कितीतरी विद्यार्थी गणिताऐवजी एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेतात. पुढे त्यांना अर्थशास्त्र करायचं असतं, आणि ब्रिटनच्या चांगल्या अर्थशास्त्र विभागांना बारावीचं गणित हवंच असतं. सीबीएसईतही तोच खड्डा आहे : मॅथेमॅटिक्स आणि अप्लाइड मॅथेमॅटिक्स हे दोन वेगळे विषय आहेत, आणि गणित मागणारी अनेक विद्यापीठं दुसरा विषय मानत नाहीत. बारावीच्या दिवाळीत यावर काही इलाज नसतो.

इंग्रजीसाठी सीबीएसई किंवा आयएससीच्या बारावीत इंग्रजीला ७०-७५ च्या वर गुण असतील तर अनेक विद्यापीठं आयईएलटीएस माफ करतात. एचएससीच्या इंग्रजीला ही सवलत कमी ठिकाणी आहे आणि असली तर गुण जास्त लागतात. आयईएलटीएस द्यावीच लागली, तर साधारण ६.५ ते ७ बँड आणि प्रत्येक भागात किमान अमुक, अशी अट असते. एकूण ७ असून लेखनात ५.५ आल्याने अडकणारे पुष्कळ, म्हणून लेखनाची तयारी आधी करा. पदवीसाठी सहसा साधी अकॅडेमिक परीक्षा पुरते. पदवीखालच्या फाउंडेशन कोर्सला मात्र ‘यूकेव्हीआय’ नावाची वेगळी नोंद असलेली परीक्षा लागते. गुण २ वर्षं चालतात.

प्रवेशचाचण्या

सगळ्या विषयांना नसतात, पण असतात तिथे चाचणीची नोंदणी यूकासच्या फॉर्मपासून पूर्णपणे वेगळी करावी लागते, आणि ती आपोआप होईल असं समजणं ही सगळ्यांत महागडी चूक. वैद्यक आणि दंतवैद्यकासाठी यूकॅट. ती जुलै ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे फॉर्म पाठवण्याआधीच द्यायची आणि तिचा स्कोअर त्याच वर्षापुरता. बीमॅट ही जुनी परीक्षा २०२३ नंतर बंद झाली, तेव्हा तिची पुस्तकं कोणी देऊ केली तर घेऊ नका. कायद्यासाठी काही विद्यापीठांत एलनॅट : ४२ वस्तुनिष्ठ प्रश्न आणि एक निबंध, सव्वादोन तासांत. अभियांत्रिकी, विज्ञान आणि गणितप्रधान विषयांसाठी केंब्रिज आणि इम्पीरियल ईसॅट व टीएमयूए वापरतात, त्या पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रांवर होतात. ऑक्सफर्डने अलीकडे आपल्या चाचण्यांत फेरबदल केले आहेत, म्हणून तिथे अर्ज करणाऱ्याने त्या वर्षीचं कोर्सचं पान पाहिल्याशिवाय जुने पेपर सोडवायला बसू नये. आपलं जेईईचं गणित झालेल्यांना या चाचण्यांचा अभ्यासक्रम ओळखीचा वाटतो. जड जातो तो वेग आणि कॅल्क्युलेटरविना करायची आकडेमोड.

फॉर्म भरताना

खातं उघडताना नाव पासपोर्टवर आहे तसंच घाला. गुणपत्रिकेवर आपल्याकडे आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि स्वतःचं व वडिलांचं नाव मिळून दुसऱ्या. आयईएलटीएस, चाचणी, यूकास, बँक, व्हिसा या सगळ्या ठिकाणी पासपोर्टवरचंच नाव हवं. पासपोर्ट काढलेला नसेल तर तो आधी काढा. आडनावाचं एखादं इंग्रजी अक्षर इकडचं तिकडे असेल तर ते दुरुस्त करायची हीच वेळ.

शाळा यूकासवर नोंदलेली असेल तर ती एक बझवर्ड देते, तो टाकला की अर्ज शाळेला जोडला जातो. आंतरराष्ट्रीय शाळांमध्ये हे सर्रास असतं. आपलं ज्युनिअर कॉलेज बहुधा नोंदलेलं नसतं. तेव्हा स्वतंत्र उमेदवार म्हणून भरायचं. त्याने अर्जाची किंमत कमी होत नाही, फक्त शिफारसीची जबाबदारी तुमच्यावर येते.

शिक्षणाच्या भागात दहावी विषयवार गुणांसह पूर्ण झालेली म्हणून भरा. बारावी वेगळी नोंद म्हणून, प्रत्येक विषय लिहून, निकाल ‘पेंडिंग’ आणि महिना मे. बारावीचा रकानाच गाळला, तर विद्यापीठाला कशावर ऑफर द्यायची तेच कळत नाही. बारावी झालेली असेल, गॅप घेतला असेल, एखादा विषय पुन्हा दिला असेल, तर तेही सगळं लिहायचं. लपवलेलं पुढे कागदपत्रांत उघडं पडतं आणि दिलेली ऑफर काढून घेतली जाते.

निवास आणि राष्ट्रीयत्वाचा भाग फी ठरवतो. गोव्यातल्या वाचकांसाठी खास : पोर्तुगीज पासपोर्ट असला की ब्रिटनमध्ये स्थानिक फी लागते, ही समजूत ब्रेक्झिटआधीची आहे. २०२१-२२ पासून युरोपीय पासपोर्टधारकांनाही परदेशी फी भरावी लागते. अपवाद मुख्यतः ज्यांच्याकडे तिथलं सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड स्टेटस (ब्रेक्झिटआधीपासून तिथे राहणाऱ्या युरोपीयांना मिळालेला राहण्याचा हक्क) आहे आणि जे निवासाच्या अटी पुऱ्या करतात, त्यांचा. फरक छोटा नाही. इंग्लंडमध्ये २०२५-२६ साठी स्थानिक विद्यार्थ्याची कमाल फी ९,५३५ पौंड होती. परदेशी विद्यार्थ्याला त्याच वर्गात बसायला बहुधा त्याच्या दुप्पट ते चौपट मोजावे लागतात.

पर्सनल स्टेटमेंट : इथे वेळ घाला

२०२६ च्या प्रवेशापासून सलग निबंध गेला आणि ३ प्रश्न आले. हा विषय का शिकायचा आहे? तुमच्या आजवरच्या शिक्षणाने त्यासाठी काय तयारी झाली? आणि शिक्षणाबाहेर तुम्ही काय केलंत, ते उपयोगी कसं? तिन्ही मिळून स्पेस धरून ४,००० अक्षरं, प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं. इंग्रजीत हे साधारण ६०० ते ६५० शब्द होतात. मर्यादा शब्दांची नाही, अक्षरांची; म्हणून मजकूर आधी बाहेर लिहून, मोजून, मग चिकटवा.

‘मला लहानपणापासून यंत्रांची आवड’ या वाक्याने सुरू होणारं निवेदन वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. ‘अर्थशास्त्र सर्वत्र आहे’ हेही तसंच. वाचणारा शिक्षक असतो, त्याला बघायचं असतं की तुम्ही विषयात स्वतःहून किती खोल गेलात. समजा विषय अर्थशास्त्र आहे. लासलगावच्या बाजार समितीतले कांद्याचे भाव रोज उपलब्ध असतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यातबंदी केली, मे २०२४ मध्ये उठवली. त्या काळातले भाव उतरवून घ्या, आधीच्या दोन वर्षांच्या त्याच महिन्यांशी ताडून बघा, आणि लिहा की घसरणीतला किती भाग हंगामी आवकेचा असावा आणि किती बंदीचा, आणि हे वेगळं करणं अवघड का आहे. शेवटचं ‘अवघड का आहे’ हेच ४ ओळींत नीट मांडलंत, तर दहा पुस्तकांची नावं घेण्यापेक्षा ते भारी ठरतं. भूशास्त्राला जाणाऱ्याच्या दारात दख्खनचा बेसॉल्ट आहे, स्थापत्य अभियांत्रिकीला जाणाऱ्याला १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि धरणाचा प्रश्न. महाराष्ट्रातून अर्ज करणाऱ्याने न्यूयॉर्कच्या उदाहरणांवर निवेदन का लिहावं, हे एक कोडंच आहे.

दुसऱ्या उत्तरात गुण पुन्हा सांगू नका, ते फॉर्ममध्ये आहेतच. एखादा धडा, एखादं प्रात्यक्षिक, त्यातून पडलेला प्रश्न आणि त्या प्रश्नामागे तुम्ही कुठवर गेलात, ते सांगा. तिसरं उत्तर सगळ्यांत लहान ठेवलं तरी चालतं. ढोलपथक, क्रिकेट, एनसीसी यांना जागा आहे, पण त्यांचा विषयाशी किंवा शिकण्याच्या पद्धतीशी धागा दाखवता आला तरच. वैद्यकाला मात्र हे उत्तर वजनदार हवं : दवाखान्यात, वृद्धाश्रमात प्रत्यक्ष काय पाहिलं आणि त्यातून या कामाच्या कंटाळवाण्या, थकवणाऱ्या बाजूबद्दल काय समजलं.

कुठल्याही विद्यापीठाचं नाव लिहू नका. उरलेले चार वाचत असतात. प्रत्येक निवेदन यूकासच्या जुन्या साठ्याशी आणि इतर मजकुराशी ताडून पाहिलं जातं आणि साम्य आढळलं तर पाचही विद्यापीठांना कळवलं जातं. क्लासवाल्याने पन्नास जणांना दिलेला साचा इथेच पकडला जातो. यंत्राकडून लिहून घेतलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणंही यूकास फसवणूक मानते. आणि पुस्तकाचं नाव घेतलंत तर ते वाचलेलं असू द्या, मुलाखत असलेल्या ठिकाणी प्रश्न तिथूनच सुरू होतो.

शिफारस आणि अपेक्षित गुण

शिफारस एकच लागते, तुम्हाला शिकवणाऱ्या किंवा तुमचा अभ्यास जाणणाऱ्या व्यक्तीची. नातेवाईक, मित्र चालत नाहीत. तिचे ३ भाग असतात : शाळेबद्दल सर्वसाधारण माहिती, अभ्यासावर परिणाम करणारी काही परिस्थिती असल्यास ती, आणि विद्यार्थ्याबद्दल आणखी काही उपयुक्त. आपल्याकडचे सर सहसा ‘आज्ञाधारक, वक्तशीर, मनमिळाऊ’ असं चारित्र्याचं प्रमाणपत्र लिहून देतात. त्यांना नम्रपणे सांगा की तिकडे विषयातली समज, वर्गातला क्रम, घटक चाचणीचे गुण असं काही हवं असतं. एका कागदावर तुमचे अकरावीचे गुण, केलेला एखादा प्रकल्प आणि निवडलेल्या कोर्सची नावं लिहून दिलीत तर त्यांनाही सोपं जातं.

अपेक्षित गुणही इथेच येतात. ज्युनिअर कॉलेजात असं भाकीत करायची पद्धत नसते, म्हणून सरांनी विषयवार आकडा लिहायला हवा आणि तो प्रामाणिक हवा. ७८ च्या मुलाला ९५ लिहिले तर ऑफर ९० ची येईल आणि मे महिन्यात हातात काहीच नसेल. शिक्षकांचा ईमेल शक्यतो कॉलेजच्या अधिकृत पत्त्याचा द्या.

आणि इथेच अर्ज अडकतात. तुम्ही सगळे भाग पूर्ण केलेत, पण शिफारस आलेली नाही, तर अर्ज जात नाही. शाळेमार्फत भरणाऱ्याचा ‘पाठवला’ म्हणजे शाळेकडे पाठवला. पुढे यूकासला शाळाच पाठवते. सरांना मुदतीच्या किमान ३ आठवडे आधी विनंती पाठवा, दिवाळीची सुट्टी आणि सहामाही परीक्षा धरून. यूकासच्या अर्जाची फी नाममात्र आहे, २०२६ च्या प्रवेशासाठी पाच पर्यायांना मिळून २८.९५ पौंड.

ऑफर आली की

उत्तरं काही आठवड्यांत येतात किंवा मेपर्यंत रेंगाळतात. मोठ्या मागणीचे विभाग सगळे अर्ज एकत्र ठेवून मगच निर्णय करतात, म्हणून मैत्रिणीला आली आणि मला नाही याचा काही अर्थ काढू नका. ऑक्सफर्ड, केंब्रिजच्या मुलाखती डिसेंबरमध्ये, परदेशी विद्यार्थ्यांच्या बहुतेक ऑनलाइन. तिथे पाठ केलेलं उत्तर उपयोगाचं नाही; न पाहिलेला प्रश्न समोर ठेवून तुम्ही मोठ्याने विचार कसा करता ते बघतात.

बहुतेकांना सशर्त ऑफर येते : बारावीला एकूण अमुक, गणितात तमुक. सगळी उत्तरं आली की एक जागा ‘फर्म’ (पक्की) आणि एक ‘इन्शुरन्स’ (राखीव) म्हणून धरायची, बाकी सोडायच्या. इन्शुरन्सची अट फर्मपेक्षा कमी असायला हवी. दोन्हीकडे ९० मागितले असतील तर ८७ आल्यावर दोन्ही जागा एकदमच जातात. पाचही नकार आले, तर फेब्रुवारीच्या अखेरपासून ‘एक्स्ट्रा’ सुरू होतं, त्यात एका वेळी एक नवा पर्याय घालता येतो.

आपला निकाल मेमध्ये लागतो, ब्रिटनच्या ए लेव्हलचा, म्हणजे तिथल्या बारावीचा, ऑगस्टच्या मध्यावर. ही आपली सोय आहे, पण ए लेव्हलचे निकाल यूकासमार्फत विद्यापीठाला आपोआप पोचतात, आपल्या बोर्डांचे नाहीत. गुणपत्रिका तुम्हीच फर्म आणि इन्शुरन्स दोन्ही विद्यापीठांच्या पोर्टलवर चढवायची. दोनेक टक्के कमी पडले तर गप्प बसू नका. त्याच दिवशी प्रवेश विभागाला लिहा, पुनर्मूल्यांकनाला टाकलं असेल तर पावती जोडा, आणि ऑगस्टपर्यंत विचार राखून ठेवाल का असं विचारा. अनेकदा ठेवतात, कधी जवळच्या दुसऱ्या कोर्सला घेतात.

तेही न जमल्यास क्लिअरिंग. जुलैच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरपर्यंत रिकाम्या जागांची यादी खुली असते. फोन विद्यार्थ्याने स्वतः करायचा, बाबांशी ते बोलणार नाहीत. यूकासचा वैयक्तिक क्रमांक, विषयवार गुण आणि ‘हाच कोर्स का’ याचं दोन वाक्यांचं उत्तर समोर ठेवा. तोंडी होकार मिळाल्यावरच ती जागा पोर्टलवर घाला. भारतातल्या विद्यार्थ्याने मात्र ऑगस्टच्या अखेरीस क्लिअरिंगमधून घेतलेली जागा व्हिसाच्या वेळेत बसते का, याचा हिशेब आधी करावा.

पैसे, कॅस, व्हिसा

अट पुरी झाली, मागितलेली आगाऊ रक्कम भरली, की विद्यापीठ कॅस नावाचा क्रमांक देतं. त्याशिवाय विद्यार्थी व्हिसाचा अर्ज होत नाही. अर्ज कोर्सच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला साधारण ३ आठवडे लागतात. व्हिसाची फी एप्रिल २०२५ मध्ये ५२४ पौंड झाली आणि ती दर काही काळाने वाढते, म्हणून भरण्याच्या दिवशीचा आकडा बघा. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, संपूर्ण व्हिसाचा एकदम. तीन वर्षांच्या कोर्सला शेवटी ४ महिने जोडून मिळतात, त्यामुळे व्हिसा ३ ते साडेतीन वर्षांच्या मधला झाला, तर २,७१६ पौंड.

पैसे दाखवण्याचा नियम काटेकोर आहे. पहिल्या वर्षाची न भरलेली फी, अधिक राहण्याचा ९ महिन्यांचा खर्च. नोव्हेंबर २०२५ पासून हा दर लंडनमध्ये महिना १,५२९ आणि बाहेर १,१७१ पौंड आहे. म्हणजे ९ महिन्यांचे १३,७६१ किंवा १०,५३९. फी २२,००० असेल आणि ४,००० भरले असतील, तर लंडनबाहेर २८,५३९ पौंड खात्यात सलग २८ दिवस असायला हवेत. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली, तरी नकार. विवरणाची शेवटची तारीख अर्जाआधीच्या ३१ दिवसांतली लागते. रुपया घसरतो, म्हणून ५ टक्के तरी जास्त ठेवा.

पैसे विद्यार्थ्याचे किंवा आई-वडिलांचे हवेत. काकांच्या, मामांच्या खात्यातले चालत नाहीत; द्यायचे असतील तर २८ दिवस सुरू होण्याआधी वडिलांच्या खात्यात वळते करा. आई-वडिलांच्या खात्याबरोबर जन्मदाखला आणि त्यांचं संमतिपत्र लागतं. दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर. शेअर, पीएफ, सोनं मोजलं जात नाही. आणि आपल्याकडची खास अडचण : पतसंस्थेतली किंवा लहान सहकारी बँकेतली ठेव. तिकडच्या अधिकाऱ्याला पडताळता न येणाऱ्या संस्थेचं विवरण नाकारलं जाऊ शकतं, म्हणून ती रक्कम वेळेत मोठ्या बँकेत हलवा. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेचं मंजुरीपत्र चालतं आणि त्याला २८ दिवसांची अट नाही. मान्यताप्राप्त कर्जातून पाठवलेल्या फीवर टीसीएसही (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) लागत नाही. स्वतःच्या पैशातून पाठवलेली रक्कम वर्षाला १० लाखांपुढे गेली की लागतो, आयकर विवरणपत्र भरून तो वळता करून घेता येतो.

हिशेब पहिल्या नव्हे, शेवटच्या वर्षापर्यंतचा मांडा. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून डॉ. आंबेडकरांना १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं होतं आणि पुन्हा जायला १९२० साल उजाडलं. आजही पदवीसाठी पूर्ण खर्चाच्या शिष्यवृत्त्या दुर्मीळ आहेत. ज्या चेव्हनिंगचं नाव सगळे घेतात ती मास्टर्ससाठी असते. आठवड्याला २० तासांच्या कामातून किराणा निघतो, फी निघत नाही. शिक्षणानंतर नोकरीसाठी थांबण्याची मुदतही, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना, २ वर्षांऐवजी १८ महिन्यांची आहे. कर्जफेडीचं गणित त्यावर बेतू नका.

उरलेले कागद : मान्य केंद्राचं क्षयरोग तपासणीचं प्रमाणपत्र (६ महिने चालतं), एमइंजी, एमफिजसारख्या काही एकत्रित मास्टर्स कोर्सांना एटॅस परवानगी (संवेदनशील तांत्रिक विषयांसाठीची सरकारी मंजुरी), तिला किमान ३० कामाचे दिवस धरा, आणि वय १८ पेक्षा कमी असेल तर आई-वडील दोघांचं संमतिपत्र. अर्जानंतर छोटी मुलाखत होऊ शकते. हाच कोर्स का, फी किती, राहणार कुठे, पैसे कोणाचे, असे साधे प्रश्न असतात. एजंटने सगळं भरलेलं असलं की विद्यार्थ्याला नेमकी हीच उत्तरं येत नाहीत. एजंट ‘फुकट’ सल्ला देतो कारण त्याला विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. तो सुचवतो त्या यादीकडे त्याच नजरेने बघा. खोटा कागद पकडला गेला तर १० वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते, मग तो कागद कोणीही जोडलेला असो.

एक शेवटचा, अगदी इथला मुद्दा. ब्रिटनचं नक्की होईपर्यंत हाताशी असावा म्हणून बरेच जण कॅपमधून एखाद्या कॉलेजात प्रवेश घेऊन ठेवतात. तिथे मूळ गुणपत्रिका आणि दाखला जमा होतो, आणि तिकडच्या विद्यापीठाच्या नोंदणीच्या दिवशी तेच मूळ कागद मागतात. प्रवेश रद्द करून कागद परत मिळायला गणपतीच्या सुट्ट्या धरून दोन-तीन आठवडे सहज जातात. विमानाचं तिकीट काढायच्या आधी तो अर्ज कॉलेजच्या ऑफिसात देऊन या.